काल रात्री मूल कुठे झोपलं होतं

रविवारी सकाळी, पोह्यांना फोडणी पडायच्या वेळेला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी महाराष्ट्राचा रंगीत नकाशा टाकला. लहान मुलांचं कुपोषण, जिल्हावार. गडद रंग, फिकट रंग, खाली एक कोष्टक, त्यात दोन रकाने, आधीचा सर्व्हे आणि नंतरचा, आणि प्रत्येक जिल्ह्यापुढे एक बाण. झालं, लगेच सगळे ठाण्याच्या बाणावर तुटून पडले. एकाने महापालिकेचं अभिनंदन केलं, दुसऱ्याने त्याच महापालिकेवर राग काढला, एक काका एरवी फक्त पाण्याच्या टँकरबद्दल लिहितात त्यांनीसुद्धा दोन ओळी टाकल्या. बाण वर होता की खाली ते सांगत नाही, कारण मुळात तो काढायलाच नको होता, पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त मोबाईल अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पुढे धरला, त्यांना नकाशे आवडतात म्हणून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नकाशा डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि विचारलं, ह्याच्यात मोखाडा कुठाय? म्हटलं, पालघरमध्ये. आणि आधीच्या रकान्यात?

पोहे गार झाले माझे.

आधीच्या रकान्यात मोखाडा ठाण्यातच होता ना. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आधीचा रकाना एनएफएचएस-४ चा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी, ती झाली २०१५-१६ मध्ये, पालघर होऊन गेल्यावर, पण तिने जिल्हे धरले ते २०११ च्या जनगणनेतले. त्यामुळे त्या रकान्यातलं ठाणे मीरा रोडपासून मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंतचं आहे, घोडबंदर रोडचे टॉवर, जव्हारचे डोंगर आणि तलासरीची शेतं एकाच सरासरीत. नंतरचा रकाना एनएफएचएस-५ चा, त्याने २०१७ सालचे जिल्हे धरले, त्यात पालघर वेगळा. सर्व्हे करणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं हो, ज्याने दोन फायलींतले आकडे उचलून शेजारी-शेजारी ठेवले आणि मधे बाण मारला त्याला माहीत नसावं. किंवा माहीत असूनही मारला असेल, बाण मारायला मजा येते. ठाण्यात एकाही मुलाच्या ताटात एक घास जास्त पडला नाही की कमी झाला नाही तरी तो आकडा हलणारच होता, कारण मुलंच बदलली होती. मी ग्रुपवर हे लिहिलं. कुणी काही बोललं नाही, खाली पार्किंगच्या स्टिकरचा विषय सुरू झाला होता.

अण्णांचा प्रश्न साधा नव्हता, त्याला इतिहास आहे. ते मोखाडा तालुक्यात आश्रमशाळेवर मास्तर होते, नोकरीची बरीचशी वर्षं तिकडेच गेली, आम्ही भावंडं आईबरोबर ठाण्यात आणि सुट्टीत तिकडे. मला आठवतो तो पाऊस. तो पडत नाही, राहायलाच येतो. धुकं वर्गाच्या आत यायचं, भिंतींना ओल, न सुकणारे कपडे, चुलीत ओली लाकडं आणि सगळ्या शाळेला धुराचा आणि नागलीच्या आंबिलीचा मिळून एक वास. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलेलं असायचं, नवीन यायला अवकाश, रस्ते बंद, आणि तेव्हाच लहान मुलं आजारी पडायची. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं मेली तेव्हा पहिल्यांदा पेपरात आमच्याकडची नावं मोठ्या अक्षरात आली. मी लहान होते, मला वाटायचं पेपरात नाव येणं म्हणजे काहीतरी चांगलंच. अण्णा तो पेपर घडी करून ट्रंकेत ठेवायचे, कुणाला दाखवायचे नाहीत. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाडा परत बातम्यांत आला तेव्हा मी तो फोनवर वाचला, ठाणे स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून, आणि मला तो ट्रंकेचा वास आला, खरंच आला.

त्या रविवारनंतर मला ह्या आकड्यांचा नादच लागला. अकाउंट्समध्ये काम करते, तक्ता दिसला की मला तो ताळ्याला लावून बघावासा वाटतो. घरातले झोपले की लॅपटॉप उघडायचा. जिल्ह्याचं पत्रक पीडीएफमध्ये फुकट मिळतं, कुणालाही, पाच-सहा पानांचं. महाराष्ट्राचं उघडलं तर पहिलाच धक्का. पाच वर्षांखालची वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुलं आधी ३४.४ टक्के, नंतर ३५.२. उंचीच्या मानाने लुकडी आधी २५.६, नंतर २५.६. तोच आकडा, पॉइंटसकट. मी आधी समजले की पान दोनदा छापलंय. देशाचा तोच आकडा १९.३ आहे, म्हणजे आपण, मुंबई-पुणे पोटात घेऊन बसलेले, देशाच्या मागे. आणि त्यातली तीव्र लुकडी ९.४ वरून १०.९. एकूण तेवढीच राहिली आणि आतल्या आत जास्त वाईट अवस्थेतली वाढली. नंदुरबारच्या पत्रकात कमी वजनाची मुलं निम्म्याहून जास्त, सत्तावन्न टक्क्यांच्या वर. तिथे मी पीडीएफ बंद केली आणि उगाच फ्रीज उघडून उभी राहिले. आपल्या घरात रात्री अकरा वाजता कुणाला भूक लागली तर काय-काय आहे ते बघत.

हे सगळं बघताना मनात जे होतं ते सांगायला जरा अवघड वाटतं. राग असतो, वाईट वाटणं असतं, पण त्यात एक गोडी पण असते. फिल्टर लावला, उतरता क्रम लावला, लाल जिल्हे वर आले, की बरं वाटतं, काहीतरी सापडल्यासारखं. कुणाच्या तरी पोराची बरगडी आणि मला कॉलम नीट लागल्याचं समाधान. मग लॅपटॉप मिटते आणि माझ्या मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते, आणि तेही थोडं नाटकच वाटतं.

तरीसुद्धा हे आकडे उघड्यावर आहेत ते बरंच आहे, हे मी ठामपणे म्हणीन. एके काळी हे मोजायचं तर पायी फिरायला लागायचं. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांच्या पुढाकाराने राज्यातल्या तेरा संस्थांनी गावं आणि वस्त्या धरून जन्म आणि मृत्यू मोजले, २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला, आणि सरकारी दप्तरात होते त्याच्या कितीतरी पट बालमृत्यू निघाले. म्हणजे मुलं मेली होती, फक्त कागदावर मेली नव्हती. आज निदान दप्तर आपण घरी बसून उघडू तरी शकतो.

पण उघडल्यावर त्यात काय नाही तेही दिसायला लागतं, आणि ते जास्त छळतं. जिल्ह्याच्या पत्रकात काही ठिकाणी आकडा कंसात असतो, काही ठिकाणी आकडाच नसतो, नुसती चांदणी असते. खाली बारीक टीप. मोजलेली मुलं पंचवीस ते एकोणपन्नास असतील तर कंस, पंचवीसच्या खाली असतील तर चांदणी. बरोबर आहे त्यांचं, थोड्या मुलांवरून टक्के काढू नयेत. देशभर मिळून सव्वासहा लाखांवर घरं घेतली, ७०७ जिल्हे, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं, त्यात पाचच्या खालची मुलं काहीशे, त्यातली सहा महिने ते दोन वर्षांतली आणखी कमी, त्यातून आईचं दूध पिणारी-न पिणारी वेगळी काढली की उरतात मूठभर. मग चांदणी. पूरक आहाराच्या ओळीत अशा चांदण्या फार दिसतात, नेमकं ज्या वयात वरचं अन्न सुरू झालं पाहिजे आणि होत नाही तिथेच. आणि चौथ्या फेरीत जिल्ह्याच्या पत्रकात ग्रामीणचा वेगळा रकाना तरी होता, पाचव्या फेरीच्या पत्रकात एकच एकूण. त्यामुळे अमरावतीच्या आकड्यात धारणी-चिखलदरा शोधायला गेलात तर मेळघाट सापडत नाही, अमरावती शहराने आणि पलीकडच्या संत्र्याच्या बागांनी तो झाकलेला असतो. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून. समजा झाले नसते तर? अक्कलकुवा आणि धडगाव आज धुळ्याच्या सरासरीत निवांत विरघळून गेले असते आणि 'सर्वांत वाईट जिल्हा' म्हणून दरवर्षी जो आरडाओरडा होतो, ज्याच्यामुळे निदान चार अधिकारी तिकडे जाऊन येतात, तोही झाला नसता. रेघ कुठे मारलीय त्याच्यावर कुणाची भूक दिसणार ते ठरतं.

आणि मुलं रेघेच्या एका बाजूला बसून राहत नाहीत.

अण्णा सांगायचे, दिवाळी झाली की वर्ग पातळ व्हायचा. आईबाप वीटभट्टीवर जायचे, भिवंडी, वाडा, वसई, कल्याण, उचल घेतलेली असायची, मुकादमाचा ट्रक यायचा, त्यात भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि मुलं. मोठी पोरं आश्रमशाळेत राहू शकायची, पण भट्टीवर दोघं राबणार तर तान्ह्याला कोण धरणार, म्हणून आठ-नऊ वर्षांची पोरगी शाळेतून काढून बरोबर न्यायची. अण्णा ट्रकपाशी जाऊन भांडायचे, कधी एखादी उतरायची, बहुतेक वेळा नाही. एकदा ते मला भिवंडीकडे एका भट्टीवर घेऊन गेले होते, त्यांच्या दोन विद्यार्थिनी तिथे होत्या त्यांना बघायला. तुसाचा धूर, ओल्या मातीचा थंड वास, विटांच्या रांगा मोजता न येणाऱ्या, आणि त्यातल्या एका मुलीच्या काखेत तिचा भाऊ, दीडेक वर्षाचा, केस तांबूस पडलेले, पोट पुढे. तो रडत नव्हता. मला तेव्हा तो शहाणा बाळ वाटला होता.

आता तो मुलगा कुठल्या जिल्ह्याचा? त्या सर्व्हेची पद्धत मी मुद्दाम वाचली. घरातल्या प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न असतात, हा माणूस नेहमी इथे राहतो का, आणि काल रात्री इथे होता का. मुलांची उंची-वजनं हिशोबात धरताना दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आदल्या रात्री जे मूल त्या घरात झोपलं ते धरायचं. मला हा नियम आवडला, खरं सांगते. कागद नाही, दाखला नाही, जातीचं सर्टिफिकेट नाही, काल रात्री कुठे झोपलास एवढंच. पण मग मोखाड्याचं मूल जानेवारीत भिवंडीत झोपतं, म्हणजे ते ठाण्याचं. तिथे सर्व्हेवाले आले तर. भट्टीवरचं ते विटा रचून वर झापं टाकलेलं खोपटं, जे मे महिन्यात मोडतं, ते निवडलेल्या वस्तीच्या घरांच्या यादीत चढतं तेव्हाच ना कुणीतरी उंची मोजायची पट्टी घेऊन येणार. आणि मोखाड्यात तेव्हा घराला कुलूप. महाराष्ट्रात पाचव्या फेरीची मोजणी झाली २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्ये, म्हणजे काही घरं भुकेच्या पावसात मोजली गेली, काही भात कापल्यावर, काही ट्रक निघून गेल्यावर. लुकडेपणा तर ऋतूबरोबर हलतो, आषाढातलं पोर आणि मार्गशीर्षातलं पोर एका वजनाचं नसतं. आकड्यावर महिना लिहिलेला नसतो.

ह्या सर्व्हेची कच्ची माहिती मागून घेता यायची, घराघराची, नावं काढलेली, एका अमेरिकन साइटवर अर्ज करून. तिच्याबरोबर नकाशावरचे ठिपके पण. पण ते ठिपके मुद्दाम हलवलेले असतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, गावात पाचपर्यंत, काही थोडे दहापर्यंत, म्हणजे कुणी जाऊन घर शोधू नये. मात्र हलवताना जिल्ह्याच्या हद्दीबाहेर जाऊ देत नाहीत. मी हसले वाचून. ठिपका हद्द ओलांडत नाही, पोर ओलांडतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने ती साइट चालवणाऱ्या कार्यक्रमाचे पैसे थांबवले आणि नवे अर्ज घेणंच बंद पडलं, तेव्हा लक्षात आलं की आपल्या मुलांचे आकडे उघडे राहतात ते कुणीतरी कुठेतरी सर्व्हरचं बिल भरतंय म्हणून.

मग म्हटलं आपलं सरकारी बघू. पोषण ट्रॅकर, २०२१ पासून चालू, देशातल्या तेरा-चौदा लाख अंगणवाड्या त्यात मुलांची वजनं-उंच्या भरतात, वेबसाइटवर डॅशबोर्ड आहे. नमुना नाही, नाव नोंदलेली सगळी मुलं. इथे गंमत अशी की देशभरातली लुकडी मुलं पाच-सहा टक्क्यांच्या आसपास दिसतात, आणि सर्व्हेत १९.३. खुजी मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच, पस्तीसच्या आसपास. आता कोण खरं?

माझी एक मावसवहिनी विक्रमगडकडे अंगणवाडी सेविका आहे, तिला फोन लावला. ती आधी हसली. मग म्हणाली, अगं उंची तरी बरी, पण दोन वर्षांच्या आतलं पोर आडवं झोपवून मोजायचं असतं, एकीने डोकं धरायचं, एकीने गुडघे दाबून टाच लावायची, पोर असं कडकड रडतं आणि मदतनीस रजेवर असली की मी एकटी, सांग कशी मोजू. वजनकाट्याचं सेल गेलेलं असतं. पावसात डोंगरावरच्या पाड्यातली पोरं खाली येत नाहीत, आणि जी येत नाहीत ना तीच बारीक असतात. शिवाय सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित पोर निघालं की पर्यवेक्षिकेचे फोन, तिच्या वरच्या सीडीपीओचे फोन, भेटी, फोटो, आरोग्यवाल्यांशी वादावादी, म्हणून काही जणी... ती थांबली. मी पण विचारलं नाही. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, अॅप इंग्रजीत आणि फोन सारखे बंद पडणारे म्हणून, त्यात ती पण होती, ते मात्र तिने अगदी खुशीत सांगितलं, ढीग लावला होता म्हणे आम्ही मोबाईलचा. आता अॅप मराठीत आहे. रजिस्टर पण भरतेस का? भरते की, नेट गेलं तर?

मी विचारलं, दिवाळीनंतर जी मुलं भट्टीवर जातात त्यांचं काय करता? तर म्हणाली, त्याचीही सिस्टीम आलीय आता, एमटीएस, स्थलांतर नोंदवायचं, कोण गेलं, कुठे गेलं, तिथल्या ताईला कळवायचं म्हणजे तिकडे आहार मिळेल. मिळतो? कुठे मिळतो, कुठे भट्टी अंगणवाडीपासून एवढी लांब की आई दिवसाची मजुरी बुडवून कशाला जाईल. पण निदान आता मला कळतं कुठलं पोर कुठे गेलंय, आधी मी नुसतं 'गैरहजर' लिहायचे. आणि मग ती एक वाक्य बोलली ते मला सोडत नाही. म्हणाली, जाताना वजन करून पाठवते ना मी, परत आल्यावर करते, दोन्ही माझ्याकडे आहेत, कुणी मागत नाही.

जाताना शेवटचं आणि आल्यावर पहिलं. मला इतके दिवस पाहिजे होता तो तक्ता हाच. जिल्हा नको, रंग नको, बाण तर अजिबात नको. एकाच मुलाचे दोन आकडे, मधे सहा महिने आणि एक हद्द.

तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. आपल्याकडे तो दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि एकाच विषयाचा, जे मला भयंकर अवघड जातंय, हा लेख वाचून कळलंच असेल. मोखाडा तालुका, महिनावार, स्थलांतरित बालकांची जाण्यापूर्वीची शेवटची आणि परतल्यानंतरची पहिली वजनं, नावं वगळून. अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी लाल पेन मागितलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, मोखाड्यापुढे जव्हार आणि विक्रमगड लिहिलं आणि थोडं थांबून भिवंडी लिहिलं. म्हटलं, अण्णा, भिवंडी पालघरमध्ये नाही, ठाण्यात येते, तिकडे वेगळा अर्ज करायला लागेल. मग कर, म्हणाले, दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो ना? पाकिटातून वीसची नोट काढून दिली त्यांनी.